सील

साखर पेठेतल्या माझ्या टेबलावर
राजमणी श्रीकोंडा फोन ठेवतात, उलटा,
आणि वरून तळहात.
"उघडू नका हं. आधी सांगा,
उघडला तर हिचं काय?"
ही म्हणजे वॉरंटी.
आणि हिची धाकटी बहीण, प्रोटेक्शन प्लॅन,
चौदाशे नव्व्याण्णवची,
काउंटरवरच्या पोरानं न विचारता
हप्त्यातच मिसळून दिलेली.

चार्जिंगची पट्टी गेलीय, एवढंच.
तंबाखूची भुकटी खाते ती. अर्ध्या तासाचं काम.
पण स्क्रूवर ज्वारीच्या दाण्याएवढं स्टिकर आहे
आणि त्या दाण्याच्या बाजूनं सोळा पानं.
नियमानं फोन पुण्याला जाणार, एकवीस दिवस.
पीएफच्या क्लेमचा ओटीपी मात्र
आज नाहीतर उद्या येणार.
सिम दुसऱ्या फोनात घाला म्हणावं,
तर दुसरा फोन कुठाय.

मी सांगतो, कायदा येणार म्हणतात अक्का,
दुरुस्तीचा हक्क.
सुटे भाग मिळतील, आतले नकाशे मिळतील,
बाहेर उघडला म्हणून वॉरंटी मरणार नाही.
सांगता सांगता मलाच शंका येते.
माझा हात घसरला, बोर्ड जळला,
तर ते कंपनीनं का भरावं?
आणि भरलंच,
तर पुढचा प्लॅन अडीच हजारांचा
होणार नाही कशावरून?

बाप मिलमध्ये जॉबर होता.
माग अडला की त्याच्या पोटात
कोपरापर्यंत हात घालायचा.
साहेबाच्या देशातून आलेल्या त्या लोखंडानं
कधी विचारलं नाही, तू अधिकृत आहेस का.
रिटायर झाला तेव्हा दोन बोटं कमी होती.
हेही सांगायला हवं.

राजमणी ऐकतात. हसत नाहीत.
"हजार विड्या देते मी रोज.
चेकर मूठभर छाटतो, सैल म्हणतो, वाकडी म्हणतो.
छाटलेल्याचे पैसे नाहीत,
अन् विड्याही परत नाहीत.
त्याचा कायदा आणा की आधी."

मग अंगठ्याचं नख,
तीस वर्षं विडीचं तोंड दुमडून
चमच्यासारखं झालेलं,
स्टिकरखाली सरकवतात,
एका बाजूनं, सावकाश.
कागद निघाला. गोंद राहिला.

"किती?"
साडेतीनशे.
"आणि परत बंद पडला तर?"
मी इथंच असतो अक्का.
एक ते दोन जेवायला जातो.