गुरुवारचा बाक

सरकी त्याची.
तसं म्हटलं तर मीही त्याचीच,
पण बुटीबोरीला कंपनीत लागल्यापासून
फोन लावला की पहिलं विचारतो,
"सरकी जेवली काय?"

चौथ्या दिवशी मी खोटं नाही बोलले.
भाकर तशीच, पाण्यावर मुंग्या.
अस्तराच्या कापडात गुंडाळली, लुनावर पायाशी ठेवली
आणि वरूडच्या रस्त्याला, जनावरांच्या दवाखान्यात नेली.
डॉक्टर फक्त गुरुवारी. तेही अकरानंतर.
तोवर बाक असतो.

बाकावर प्रत्येकाला सगळं ठाऊक.

धुर्पताबाई नेवारे, मांडीवर बहिरं कुत्रं,
"हयद अन् खोबऱ्याचं तेल लाव वो माय."
रिटायर कंडक्टर ढोबळे तिकीट फाडल्यासारखे म्हणाले,
"जयकं ऑइल! टॅक्टरचं. एका दिवसात गोचीड साफ."
"अन् कातडी?"
"कातडीबी साफ," कोपऱ्यातून धनगर म्हातारा म्हणाला.
"माह्या एका कुत्र्याची झाली. कुत्रंबी साफ झालं."

त्याच्या आताच्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा.
कशाला, मी विचारलं.
"बिबट मान धरते," एवढंच बोलला.
मग उठला, अंगठ्यानं सरकीचा ओठ वर केला,
मी कापडाची किनार उलटून वीण बघते तसा.
"हिरड्या पांढऱ्या पडल्या. रगत पिऊन राह्यले तिचं.
कानामागं पाह्यलं काय तुनं? बोटाच्या बेचक्यात?"

दुसरीनं शिवलेला ब्लाउज
खांद्यात अर्धा बोट चुकला तर मला रस्त्यातून दिसतो.
कानामागं नव्हतं पाहिलं.
तिथे होते, करडे, फुगलेले,
टिचबटनं लावल्यासारखे ओळीनं.

मग बाक सगळाच बोलायला लागला.
उपटू नको, तोंड आतच राह्यते.
चिमट्यानं धर, बुडाशी, सरळ ओढ.
नखानं फोडू नको, ते रगत चांगलं नाही.
ते कुत्र्यावर कमी अन् भितीत जास्त, भेगा बुजव.
दुपारची डांबरावर चालवू नको, पाय पोयते.
पिल्लं होऊ देतं का ऑपरेशन करतं?
रेबीजची सुई दिली काय? कधी? कार्ड कुठी हाय?
कार्ड त्याच्या पेटीत. पेटी बुटीबोरीला.

डॉक्टरांनी रक्त घेतलं, गोळ्या दिल्या,
एकवीस दिवस, जेवणानंतरच.
"साहेब, जेवत नाही म्हणून तर आणली."
बाक हसला. साहेबही.

गुळात दिली. अंड्यात दिली.
खव्यात दिली, चाळीस रुपयांचा खवा,
तो चाटूनपुसून खाल्ला आणि गोळी
माझ्या पावलावर आणून ठेवली, कोरडी.

रात्री फोनवर तो म्हणाला,
"ते माह्या ताटातलं खाते. तुले सांगाचं राह्यलं."
दोन वर्षं राहिलं होतं सांगायचं.

ताट घेऊन उंबऱ्यात बसले.
बिनतिखटाचं वरण, भात. एक घास मला, एक तिला.
पहिल्या रात्री ती वाटेकडे बघत होती.
दुसऱ्या रात्रीही.
मीही बघितलं एकदा, काय दिसतं म्हणून.
लाइट गेलेली, संत्र्याच्या बागेत कोणाचा तरी बॅटरीचा उजेड.
तिसऱ्या रात्री तिनं घास घेतला,
बोटाला दात लागू न देता,
आणि त्यातली गोळी कुठे गेली
ते मला अजून कळलेलं नाही.

आता हिरड्या गुलाबी आहेत. भुंकते. पोस्टमनवर तर फारच.
फक्त माझ्या बोटांना खोड लागली.
परवा बेबीताई राऊतांच्या गळ्याचं माप घेत होते,
टेप मानेवर, आणि बोटं आपोआप
त्यांच्या कानामागं गेली, केस बाजूला सारून.

"काय पाह्यतं वो?"
"काही नाही," मी म्हटलं. "साडेतेरा."