पेवातली ओ

हरिपूरला, संगमाच्या अलीकडं,
पुरातूनही तगलेलं एक पेव आहे.
तोंड माणसाच्या खांद्याएवढं,
पोट दोनशे पोत्यांचं.
आत मी दमटपणा मोजणारा सेन्सर सोडलाय,
वर पत्र्याच्या शेडला डबी ठोकलीय,
डबीत सिमकार्ड.
लॅपटॉप पोत्यावर. स्पेसबार पिवळा.

या प्रोग्रॅममध्ये ओळी लिहायच्या नसतात,
चित्र काढायचं असतं.
एका चौकोनातून दुसऱ्यात तारा ओढायच्या:
आकड्यांची निळी, शब्दांची गुलाबी,
हो-नाहीची हिरवी, तुटक,
गोधडीला टाके घालावेत तशी.
आणि चूक वाहून नेणारी तार
हळदीच्या रंगाची.
कुणी ठरवलं ठाऊक नाही.
सांगलीला येऊन गेला असणार.

सगळ्याभोवती एक जाड चौकट:
थांब म्हणेपर्यंत फिरत राहा.
आत एकच प्रश्न, दर तीस सेकंदांनी,
कुणी आहे का?

हिरवा दिवा लागला.
मी एकटीनंच टाळी वाजवली.

बाबालाल मुल्ला लिंबाखाली तंबाखू मळत होते.
"दिवा लागला म्हंतीस.
मग आकडा कुठाय तुझ्या फोनवर?"

नव्हता.
डबी विचारत होती
आणि तिला चिकटून बसलेला मोडेमच
आहे, आहे म्हणत होता.
हाक वेशीबाहेर गेलीच नव्हती.

"पेवबी तसंच करतंय," बाबालाल म्हणाले.
"आदी दोरीला कंदील बांधून सोडायचा.
इझला, तर माणूस सोडायचा न्हाई.
आन् माणूस सोडला की वरनं हाक मारत ऱ्हायाची.
पर नुस्तं 'हाईस का' इचारू ने.
भित्ताडबी 'हाईस का' म्हंतंय.
आमचा मुकादम इचारायचा,
सकाळी काय खाल्लंस रं?
'भाकरी' असं आलं
की समजायचं, शुद्धीत हाय."

तंबाखू मळून झाली होती.
तरी अंगठा फिरतच राहिला.
"गुंडाप्पा एकदा काय बोलला न्हाई."
पुढचं त्यांनी सांगितलं नाही
आणि मी विचारलं नाही.

हिरवी तार मी खोडली.
नवा चौकोन आणून ठेवला:
लांबच्या घड्याळाला वेळ विचार.
नुसतं 'आहे' चालणार नाही.

उत्तर येईपर्यंत डबी आपलीच तारीख दाखवत बसली:
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.
झोपेतून उठलेल्या यंत्राला तेवढंच आठवतं.
बाबालाल चष्मा वर करून वाकले.
"त्याच साली मी पयल्यांदा आत उतरलो.
चौदा वर्साचा. ह्याला कसं ठावं?"

नावानं विचारलं, नाव कुणी ओळखेना.
नंबरानं विचारलं, हळदी तार भरून आली.
अँटेना वीतभर वर सरकवली.
लिंबाची एक फांदी सुतळीनं मागं ओढून बांधली.
फांदीनं काय होणार होतं कोण जाणे,
पण हात रिकामे बसेनात.

चार वाजून बारा मिनिटांनी
'चार वाजून बारा' असं उत्तर आलं.

भाकरी.

रात्री माधवनगरात, उशाला फोन.
त्रेसष्ट टक्के. त्रेसष्ट. चौसष्ट.
दोन चाळीसला सगळं गप्प.
मी सहापर्यंत कळ काढली,
मग बाबालालना फोन लावला.

"आत्ताच कंदील सोडून बगितला.
जळतोय. हळद बरी हाय.
तुझ्या डबीचं तू बग.
आन् निघायच्या आदी
काय तरी खाऊन नीघ."