बोलता येईल इतकंच

माळ्यावरून बूट काढले तर तळवा हातात आला.
तीन वर्षं सात महिने.
सोलापूरच्या पत्र्याखाली डिंकसुद्धा दमतो.
सात रस्त्याच्या मोच्यानं उलटेपालटे करून बघितले,
म्हणाला, पळून नाही झिजले हे, पडून गेलेत.
शिवले नाहीत.

दिवाळीत एकदा घाई करून बघितली होती.
जुन्याच तोऱ्यात संभाजी तलावाकडं गेलो, तीन फेऱ्या मारल्या.
छाती साथ देत होती, वाटलं, सगळंच देतंय.
मग अकरा दिवस जिना आडवा होऊन उतरलो.
कारखान्यात पोरं कुजबुजायची,
खेकडा आला बघ, मशीन चालू कर.

डॉक्टर नाजनीन बागवान यांनी गुडघा दाबून बघितला
आणि कॅलेंडर पुढं ओढलं.
आठवड्यातून तीन दिवस. मधला दिवस मोकळा.
एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं,
असं आठदा. दुखलं तर घरी.
आणि पळताना बोलता आलं पाहिजे.
बोलता येईना झालं, की चालायचं.

काय बोलायचं ते सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी पाढे म्हटले. तेराचा अडला.
नंतर टॉवेलच्या ऑर्डरी: पांढरे सहाशे, किनारवाले दोनशे,
हैदराबादची उधारी.
शिवलिंग हत्तुरे मागून आला, पुढं गेला,
वळून म्हणाला, काय बे यमूल,
पळायलास का चालायलास?
दोन्ही, म्हटलं.
पूर्वी हा माझ्या मागं असायचा.
तेही मोठ्यानं म्हटलं, तो लांब गेल्यावर.

फेब्रुवारी सरत आलेला.
सातच्या पुढं ऊन अंगावर येतं, त्याच्या आत उरकायचं.
पाण्यावर जलपर्णी, कठड्यावर कुणाची तरी विसरलेली काठी,
आणि बावन्न वर्षांचा एक माणूस
एकटाच बोलत, घड्याळ बघत.
फिरायला येणाऱ्या बायका आता थोडं अंतर ठेवतात.

चौथ्या आठवड्यात ऑर्डरी संपल्या, पाढे संपले.
मग तेलुगूतून निघालं, घरातल्यासारखं,
नायनाशी बोलावं तसं. नायना जाऊन नऊ वर्षं झाली.
चार नंबरच्या मागाखाली तेल सांडलं होतं ना,
ज्यावर मी घसरलो,
ज्याच्यापायी राजेशमला घरी बसवलं,
पगार कापून, चार माणसांत बोलून,
ते त्यानं नव्हतं सांडलं.
डबा माझ्या हातातला होता.
फोन आला, मी तो कडेला

इथं बोलता येईना.
गुडघा ठीक होता. दमही होता.
मिनिट व्हायला वीस सेकंद बाकी होते.
पण नियम तो नियम, मी चालू लागलो.

हत्तुरे दुसऱ्या फेरीला आला,
या वेळी काही विचारलं नाही. थोडा हळू झाला,
बरोबर चालला गेटपर्यंत,
आणि आपल्या मुलाच्या सीईटीचं काहीतरी सांगत राहिला.

घरी येऊन गुडघ्यावर बर्फ धरला.
वहीत लिहिलं: आठपैकी सहा.
कारण या रकान्यात काही लिहिलं नाही.

उद्या मोकळा दिवस. पळायचं नाही.
चालायला हरकत नाही, डॉक्टर म्हणाल्यात,
सपाट रस्ता असेल तर.
विडी घरकुलचा रस्ता सपाट आहे बहुतेक.
राजेशमचं घर कुठल्या गल्लीत, ते विचारावं लागेल.