पाच टक्के

पहिल्या वर्षी एकच प्रश्न विचारायला शिकवला:
समजा किंमत पाच टक्क्यांनी वाढली,
थोडीच, पण कायमची,
तर गिऱ्हाईक कुठे जाईल?
जाईल तिथवर बाजारपेठ.
कुठेच गेलं नाही, तर तिथेच रेघ मारायची.

रविवारी आउडेनार्डला बाबांना विचारलं.
छत्तीस वर्षं खिळे, कुलपं, बिजागऱ्या विकलेला माणूस.
चमचा सूपमध्ये तसाच ठेवून म्हणाले,
"कुठेही जात नाही, ग्रीट.
दार कुरकुरत ठेवतं."

हे मी मेमोत लिहिलं नाही.

दुसऱ्या वर्षी पहाटेची धाड.
गेंटबाहेरचा कारखाना, आठ तपासनीस,
आणि प्रत्येक कागदाची दुसरी प्रत घेत
त्यांच्या मागे मागे मी.
कॉफी द्यायची, बोलायचं नाही.
टेलिफोनवरच्या बाईला रडू फुटलं.
तिला वाटलं, तिच्या आजारपणाच्या खोट्या रजांसाठीच
ब्रुसेल्सहून एवढी माणसं आलीत.

तिसऱ्या-चौथ्या वर्षाचं सांगण्यासारखं काही नाही.
सहा-सहा मिनिटांचे तुकडे पाडले
आणि प्रत्येकावर कुणाचं तरी नाव लिहिलं.
आईच्या ऑपरेशनच्या दिवशीही
हॉस्पिटलच्या जिन्यात बसून
अकरा तुकडे भरले.

मग बिजागऱ्यांचं प्रकरण.
पाच कंपन्या, लीजजवळचं एक हॉटेल,
वर्षातून दोन जेवणं,
आणि कागदी नॅपकिनवर पेन्सिलीने टक्के.
आमचा अशील बाकी चौघांच्या आधी धावत गेला,
सगळं कबूल केलं. दंड शून्य.
जो पहिला तोंड उघडेल तो सुटेल
असा कायदाच आहे.
चांगला कायदा आहे, मी अजूनही म्हणते.
नाहीतर ते नॅपकिन कुणी दाखवलं असतं?

कबुलीजबाब मी लिहिला. त्रेसष्ट पानं.
आकडे टाईप करताना
बोटं माझ्या पुढे पळायला लागली:
वसंतात साडेचार, पानगळीत पाच.
हेच बाबा दुकानाच्या पाटीवर खडूने लिहायचे
आणि येईल त्याच्यापुढे ओशाळायचे.
लोकांना वाटायचं, हाच लुटतोय.

नियमाप्रमाणे मी वरिष्ठांच्या कानावर घातलं.
फान हेलेवाउटनी चष्मा पुसला.
"वडिलांचं दुकान बंद झालंय ना?
मग हितसंबंध उरला नाही."

निकालाच्या संध्याकाळी बाटली फुटली.
दोन वर्षांत तू पार्टनर, असं कुणीतरी
माझ्या खांद्याला म्हणालं.
बाबांना फोन लावला आणि हवापाण्याचं बोलले.

रात्री श्कारबेकच्या घरी
पाकिटाच्या मागे हिशेब मांडला:
सतराशे तास. सतराशे पंच्याऐंशी.
अठराशे चौऱ्याहत्तर. एकोणीसशे अडुसष्ट.
दरवर्षी पाच टक्के.
थोडीच वाढ, पण कायमची.

मी कुठे गेले?

न्हाणीघराचं दार नोव्हेंबरपासून वाजतंय.
तेलाची बाटली बाबांनीच दिलीय, सिंकखाली आहे.

सोमवारी कौनासहून एक नवीन मुलगी रुजू होतेय, राम्युने.
हुशार आहे म्हणतात, खूप बोलते.
तिला पहिला प्रश्न
मीच शिकवायचा आहे.