रुमालाखाली

दस्त मीच टाइप केला होता,
जुन्या कोर्टासमोरच्या टपरीत, सोळा पानं, तीन कार्बन.
भूपालअण्णा मगदूम, हळदीचे अडते,
बाकावर बसून ओळ न् ओळ ऐकत होते.
त्यांच्या नखांतलं पिवळं कधीच जायचं नाही.

लाभार्थी, लाभार्थी, लाभार्थी...
चाळीसदा बडवून झाल्यावर मी विचारलं,
पोराचं नाव काय, अण्णा? आणि त्याला आवडतं काय?
वकिलांनी चष्मा वर केला.
असला रकाना नमुन्यात नव्हता.
अण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले,
कलम अकरा वाढवा, त्यात ह्या बाईंचं नाव घाला.
विश्वस्त नको. पैशाला हात नको.
महिन्यातून एकदा त्याच्याजवळ बसायचं
आणि बैठकीत सांगायचं, त्याला काय पाहिजे ते.

माझं नाव मीच टाइप केलं.
मालनमधला ल तेव्हा अडकायचा.

सन्मती आता त्रेचाळीसचा.
शब्द चारच: नको, चहा, वजन, अण्णा.
अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली.
तो शब्द अजून रोज लागतो.

बैठक दर तिमाहीला, मार्केट यार्डात, पेढीच्या माडीवर.
खाली पोती, वर फायली.
वाईट कुणीच नाही.
चुलतभाऊ धनपालनं तर पुराच्या साली
नावेत आधी सन्मतीला बसवलं, मग स्वतःच्या बायकोला.
पण फाईल उघडली की तोच धनपाल म्हणतो,
त्याला काय कळतंय?
बुटांसाठी मी तीन बैठका भांडले.
लेस बांधता येत नाही त्याला, चिकटपट्टीचे हवेत,
साडेसातशे रुपये.
व्याज लाखांत पडून होतं.

एकदा मीही चुकले.
गाणं लागलं की मान डोलावतो, म्हणून
ठराव करून मिरजेहून पेटी आणवली.
त्यानं एकदा भाता ओढला आणि झाकण लावलं.
डोलत होता तो पंख्याकडे बघून.
पेटी आहे अजून. ताळेबंदात, मालमत्ता म्हणून.

मग एका सौद्याच्या दिवशी त्याला खाली घेऊन गेले.
गौसभाई हमालांनी खांद्यावरचा रुमाल काढला,
त्याच्या हातावर टाकला, आत आपला हात घातला.
पूर्वी भाव असाच ठरायचा, म्हणाले, बोटांवर, झाकून.
अण्णांनी शिकवलंय ह्याला.
मूठ म्हणजे नाही. बोट धरलं तर पुढं बोला.

तेव्हापासून माझ्या पर्समध्ये रुमाल असतो.

परवा पुण्याच्या वसतिगृहाचा विषय निघाला.
बाग आहे, डॉक्टर चोवीस तास. आपटे सीएंनी फोटो फिरवले.
मी म्हटलं, त्याला वर बोलवा.
फायली सरकवून टेबलावर रुमाल पसरला.
फोटो दाखवला. विचारलं.

मूठ आली.
मग सुटली.
मग माझं मधलं बोट धरून तो बसून राहिला.

पुढं बोला?
की भीती वाटते?
की नुसतंच, हात काढू नका?
माझीच इच्छा माझ्या बोटांत परत येत नाहीये ना,
हे बघायला रुमालाखाली उजेड नसतो.

काय म्हणतोय? धनपालनं विचारलं.
आपट्यांच्या पेनाचं टोपण निघालेलं.
मी म्हटलं, इतिवृत्तात लिहा,
त्यानं अजून भाव फोडलेला नाही.
पुढच्या महिन्यात आम्ही दोघं पुण्याला जाऊ,
तिथला चहा पिऊन बघू, एक रात्र राहू.
खर्च कलम अकराखाली.

आपटे लिहायला लागले, लाभार्थीने...
मी नुसतं बघितलं.
त्यांनी खोडलं.
खाली काट्यावर कुणीतरी पोतं आदळलं,
वजन, म्हणाला सन्मती, दाराकडे वळून,
पण हात रुमालातच होता,
आणि दोघांचेही तळवे घामेजलेले.