गळती

माझं काम ऐकण्याचं.
रात्री दीड ते चार, रस्ता गप्प झाला की
लोखंडी कांब डांबरावर टेकवायची
आणि वरच्या वाटीला कान लावायचा.
शाबूत पाईप काही बोलत नाही.
फुटलेला कुजबुजतो,
झोपेत कुणी दातांतून श्वास सोडावा तसा.
चोवीस वर्षं झाली जलखात्यात.

कौला बंदरच्या गोदामाची भिंत
एका मंगळवारी ओली झाली.
पोपडे सुटले, ओल पसरली,
आणि ओलीत बाई दिसायला लागली,
कडेवर मूल घेतलेली.
सोजरबाई म्हणाली, मरीआई.
शेजारच्या सेल्वीने मेणबत्ती लावली,
तिच्या मते ती वेलंकणीची माता.
भंगारवाला मुस्तकीम काहीच म्हणाला नाही,
चपला काढून बाजूला उभा राहिला.
शुक्रवारपर्यंत नारळाच्या शेंड्यांचा ढीग,
भिंतीखालचं पाणी बाटल्यांत,
आणि त्या पाण्याने कुणाच्या तरी पोराचा ताप उतरलेला.
कुणाच्या, असं विचारलं की
पलीकडच्या गल्लीत, म्हणायचे.
पलीकडच्या गल्लीत गेलो.
तिथे म्हणाले, अलीकडच्या.

"जा, बघून ये तुझ्या देवीला,"
घरत साहेब हसले होते.
मी कांब टेकवली. लगेच सापडली.
भिंतीपासून अकरा फुटांवर, नऊ इंची लाईन,
बिडाचा जुना सांधा, आतलं शिसं झिजलेलं.
खडूने फुली मारली.
लोक फुलीकडे असे बघत राहिले
की मी कुणाच्या दारावर काहीतरी वाईट लिहून ठेवलंय.

सोजरबाईला समजावलं,
क्लोरीनचा वास घ्या मावशी,
देवीला क्लोरीन कशाला लागेल?
तिने बाटली उघडली, वास घेतला,
झाकण घट्ट लावलं.
"पाईप फुटलाय ते मलापण कळतं, भाऊ.
तीस रुपयाला एक कॅन घेते,
तोही टँकरवाल्याचं तोंड बघून.
एकतीस वर्षांत या वस्तीत पाणी
आपल्या पायाने कधी आलं का?
आता आलं.
कुणी आणलं ते तुम्ही बघा
तुमच्या कागदात."

कागदात तसा रकाना नाही.

गुरुवारी रात्री खोदलं, सांधा भरला.
भिंत वाळायला दहाएक दिवस लागले.
आधी मूल गेलं, मग बाईचा हात,
मग चेहरा, जो तसाही नीट कधी नव्हता.
शेवटी मिठाची एक पांढरी कड राहिली,
बहुतेक खांद्याची.
तिला अजून कुणीतरी हळद लावतं.
मी रजिस्टरात लिहिलं: गळती बंद.
खाली सही केली.

रजिस्टरात न लिहिलेलं एक आहे.

सात वर्षांपूर्वी, भायखळ्याला, रात्री पावणेतीनला
कांबीतून शीळ आली.
पाण्याची नव्हे. पाण्याला वेग असतो, चाल नसते.
ही चाल होती,
धाकटा जिवाजी सायकल पुसताना घालायचा ती,
मधेच एका जागी हवा निसटणारी,
कारण त्याचा पुढचा दात पडलेला.
त्याला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.
नियम असा की तीनदा ऐकायचं.
दोनदा ऐकलं.
तिसऱ्यांदा माझा हात इतका हलत होता
की नुसती कांबच वाजत राहिली.

आणि मी खडूने फुली मारली.

सकाळी गँग आली, चार फूट खोदलं.
पाईप ठणठणीत. माती इतकी कोरडी
की मुठीत धरवत नव्हती.
साहेब चिडले नाहीत, उलट हळू म्हणाले,
एकदा कान तपासून घे रे.

घेतले तपासून.
डॉक्टरने दोन्हीकडे यंत्र लावलं,
बारीकसारीक आवाजांना बोट वर करायला लावलं.
कानांत काही दोष नाही.