उतरणारी तार

मिरजेत आमच्या गल्लीत तार म्हटलं
की कुणी दातांकडे बघत नाही.
तीस वर्षं झाली, मी खुंट्या बसवतो, पडदे बांधतो, जवारी काढतो.
म्हणून मगदूम मॅडमनी एक्स-रे दिव्यासमोर धरला
आणि म्हणाल्या, "तार लावावी लागेल,"
तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "किती नंबरची?"
निलोफरनं माझ्या पायावर पाय दिला.

बारा वर्षांची होती.
मॅडम म्हणाल्या, सात-आठला एकदा दाखवायचं असतं,
नुसतं दाखवायचं, तेव्हाच तार लावतात असं नाही.
मी काय बोलणार? दाढ ठणकल्याशिवाय
आमच्यात कुणी ती पायरी चढलेलं नाही.
नवे येतील, आपापली जागा करतील, असं अम्मी म्हणायची.
तिचे स्वतःचे दात शेवटपर्यंत
एकमेकांच्या खांद्यावर चढून बसलेले.

तासगावची आपा म्हणाली,
"लग्नाला अजून दहा वर्षं आहेत, आत्तापासून कशाला खर्च?"
लग्नाचा विषयच नव्हता.
पोरीचे खालचे दात वर टाळूला लागत होते.
अर्धी भाकरी चावायला तिला माझ्या दुप्पट वेळ लागायचा,
आणि आम्ही तिला हळू जेवणारी म्हणायचो.

चार दात काढले. चांगले, न किडलेले.
चांगला दात का काढायचा, हे मी दोनदा विचारलं.
विचारावं. त्या रागावल्या नाहीत.
घर लहान, माणसं जास्त, असं काहीसं म्हणाल्या,
ते मला लगेच कळलं.
पैसे हप्त्यानं. दोन सतारी आणि एक तंबोरा गेला त्यात.

पहिल्या रात्री वरण-भातसुद्धा कालवून, मऊ करून.
गाल आतून सोलला, तर मेणाची गोळी तारेवर दाबायची.
सांगली जिल्ह्यात राहून ऊस दातानं सोलायचा नाही,
भडंग नाही, चिक्की नाही, पेरूच्या फोडी करून.
एकदा मैत्रिणीकडं मूठभर भडंग खाल्लं तिनं,
एक चौकोनी तुकडा निखळला,
तो चार दिवस कंपासपेटीत लपवून ठेवला.
ते चार दिवस पुढं महिनाभर लांबले.

मीही कमी नाही. सहाव्या महिन्यात म्हणालो,
"मॅडम, जरा जास्त ताणा ना, लवकर उरकेल."
त्यांनी पक्कड खाली ठेवली. "हाडाला वेळ लागतो."
नव्या गिऱ्हाइकाला हेच तर सांगतो मी,
एकदम चढवू नका, दांडी वाकेल.
रिक्षात मी हे बोलायला लागलो, तर निलोफर म्हणाली,
"अब्बा, सगळ्यात सतार आणू नका."

सव्वीस महिन्यांनी तार निघाली.
मी पेढे घेतले. मॅडमनी हातात एक डबी दिली,
आत पारदर्शक साचा, रात्री घालायचा,
किती वर्षं, याला त्या नुसत्या हसल्या.
दात जुन्या जागेकडं सरकतात म्हणे.
नवी तार उतरते तसं,
पण हे मी मनातच म्हटलं.

आता दात सरळ आहेत.
आणि हसताना तिचा हात अजून तोंडावर जातो.

तो हात कधीपासूनचा, हे मला ठाऊक आहे.
ती नऊ वर्षांची, ईदचा फोटो, सगळे ओळीत उभे,
आणि मी म्हणालो होतो,
"निलू, तोंड मीट."
बाकी काही नाही, एवढंच.
मॅडमच्या ड्रॉवरमध्ये यासाठी पक्कड नाही.

काल ती माझ्यासाठी भोपळा धरून बसली होती,
मी कड जोडत होतो, वाकलो,
आणि चष्मा घसरून सरसाच्या भांड्यात.
ती हसली, मोठ्यानं, सगळे दात दिसतील अशी.
दोन्ही हात भोपळ्याला होते.

मी चष्मा लगेच काढला नाही.